ल्यूपस रोग व स्त्रियांचे लैंगिक स्वास्थ्य

शरीराची प्रतिरक्षायंत्रणा (रोगप्रतिकार करणारी यंत्रणा) स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांविरुद्ध) प्रतिपिंडे निर्माण करू लागली म्हणजे जे विकार उद्‌भवतात, त्यांना आत्मप्रतिरक्षा रोग म्हणतात. त्यांपैकी त्वचा, सांधे, वृक्क (मूत्रपिंड), रक्त, मेंदू तसेच हृदय व फुप्फुसे यांची आवरणे अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी किंवा आलटून पालटून शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करणाऱ्या दीर्घकालिक रोगास ‘सार्वदेहिक ल्यूपस एरिथेमॅटोसस’ व व्यवहारात नुसते ‘ल्यूपस’ असे म्हणतात. हा रोग पुरुषांना व मुलांनाही होतो. तथापि प्रजननक्षम वयातील दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. विवाह, शरीरसंबंध, गर्भधारणा व अपत्यसंगोपन यांचा जो ऐन काळ, त्याच काळात हा रोग स्त्रीला गाठतो. असे असूनही तिच्या कामजीवनावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न वैद्यकाने पुष्कळ उशिरा विचारात घेतला. या स्त्रियांच्या लैंगिक तक्रारींपैकी बहुतेकींना निश्चित शारीरिक कारण असते व त्यांतील बऱ्याच तक्रारी उपचारांनी दूर किंवा कमी करता येतात. परंतु वैद्य विचारीत नाही आणि रुग्ण सांगत नाही, यामुळे त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात.

ऐतिहासिक : ‘ल्यूपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या कल्पनेवरून मध्ययुगापासून हे नाव अनेक त्वचारोगांना दिले जाई. पीएर काझनाव्ह या फ्रेंच वैद्यांनी १८५१ मध्ये ‘ल्यूपस एरिथेमॅटोसस’ ही संज्ञा रूढ केली. मोरिट्स कापोसी यांनी १८७२ मध्ये हा रोग त्वचेपुरता मर्यादित नसल्याचे दाखविले व १८९५ नंतर विल्यम ऑस्लर यांच्या लेखनामुळे त्याचे सार्वदेहिक स्वरूप सर्वमान्य होत गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये या रुग्णांच्या अस्थिमज्जेत वैशिष्ट्यपूर्ण ‘एल. ई. कोशिका’ पाहिल्या आणि रोगनिदानाला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. त्याच सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतर चार वर्षे जगणारे रुग्ण जेमतेम निम्मे होते; आज पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण चांगली वैद्यकीय सोय असलेल्या ठिकाणी शेकडा नव्वदांहून अधिक आहे. रुग्ण जगेल की नाही हाच प्रश्न होता तोवर त्याच्या सहजीवनाचा विचार मागे राहिला, हे समजण्यासारखे आहे. आयुर्मर्यादा वाढल्यानंतरही तो मागेच राहिला, हे मात्र समर्थनीय नाही.

लैंगिक स्वास्थ्याची कल्पना : जागतिक आरोग्य संघटनेच्या विवेचनानुसार लैंगिक स्वास्थ्य म्हणजे केवळ रोगाचा किंवा व्यंगाचा अभाव नव्हे, कामजीवनाविषयी शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती असा त्याचा व्यापक अर्थ आहे. त्यात सक्तीपासून मुक्तता व स्वेच्छा यांचाही अंतर्भाव होतो. संशोधनात स्त्रियांच्या लैंगिक कार्याचे मापन करण्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेली १९ प्रश्नांची एक प्रश्नावली पुष्कळ वापरली जाते. इच्छा, उद्दीपन, योनिमार्गाची आर्द्रता, कामपूर्ती, समाधान व वेदना अशी सहा अंगे तीत तपासली जातात. ल्यूपस यांपैकी प्रत्येक अंगाला बाधा आणू शकतो, पण सर्वांना एकाच मार्गाने नव्हे. म्हणून ‘इच्छा होत नाही’ एवढी तक्रार ऐकून मनोविकारतज्ज्ञाकडे बोट दाखविणे हे अपुऱ्या तपासणीचे लक्षण होय.

शारीरिक कारणे : सर्वांत जास्त आढळणारे कारण थकवा हे आहे. हा थकवा श्रमानंतरच्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही आणि रोग शांत असतानाही पुष्कळदा टिकून राहतो. घरकाम व नोकरी उरकून रात्री अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या स्त्रीला त्या वेळी इच्छा उरत नाही, याला रोगाइतकीच दिवसाची मांडणीही कारणीभूत असते. अरक्तता (रक्तक्षय), अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) स्रावाची न्यूनता व निद्रानाश हे थकव्याचे उपचारसाध्य भाग प्रथम शोधावे लागतात.

सांधेदुखी व सकाळचा ताठरपणा यांचा उपद्रव उघडच आहे. नितंबसंधीचा (खुब्याचा) विकार मात्र वेगळा लक्षात ठेवावा लागतो. दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेतलेल्या काही रुग्णांत मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होतो. जांघेत कळ येणे व मांड्या बाजूला घेता न येणे ही त्याची लक्षणे चालण्याच्या आधी शरीरसंबंधाच्या वेळी जाणवू शकतात. संकोचामुळे ती सांगितली गेली नाहीत, तर निदान लांबते आणि सांधा वाचविण्याची संधी जाते.

ल्यूपसच्या काही स्त्रियांना जोडीने श्योग्रेन लक्षणसमूह (हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्यांच्या नावावरून ओळखला जाणारा विकार) असतो. त्यात अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांचा स्राव आटतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे व कोरडी भाकरी पाण्याशिवाय न गिळता येणे, या तक्रारी रुग्ण आपण होऊन सांगते. तोच कोरडेपणा योनिमार्गातही येतो आणि संबंध वेदनामय होतो, हे ती सहसा सांगत नाही. वेदनेच्या भीतीने स्नायू आखडतात, आखडल्याने वेदना वाढते व पुढच्या वेळी भीती आधीच येऊन बसते. असे चक्र सुरू झाल्यावर केवळ कोरडेपणावर इलाज करून भागत नाही.

तोंडातील व्रण हे ल्यूपसचे नेहमीचे लक्षण असून ते अनेकदा दुखतही नाहीत. जननेंद्रियाच्या श्लेष्मकलेवर (बुळबुळीत पातळ अस्तरावर) व्रण कमी वेळा येतात, पण ते दुखरे असू शकतात. याखेरीज स्टेरॉइड व प्रतिरक्षादमनकारी (प्रतिरक्षायंत्रणेची क्रिया मंदावणाऱ्या) औषधांमुळे योनिमार्गात कँडिडा या कवकाचा संसर्ग वारंवार होतो. खाज, आग व दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव ही त्याची लक्षणे होत. ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणून घरगुती उपायांवर हा संसर्ग महिनोन्‌महिने सोसला जातो. वस्तुतः योग्य कवकनाशक औषधाने तो थोड्याच दिवसांत बरा होतो.

औषधांचे परिणाम : प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडांनी हजारो रुग्णांचे प्राण वाचविले आहेत. त्यांच्या मोठ्या मात्रेने चेहरा गोल होतो, वजन वाढते, पोटावर व मांड्यांवर जांभळट वळ उठतात, मुरमे व नको तेथे केस येतात. रोगाने डोक्यावरचे केस गळतात व गालांवर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे पडतात. आरशातली व्यक्ती आपण नव्हेच, अशी भावना तरुण रुग्णांत निर्माण होते व त्या स्पर्श टाळू लागतात. रूप परत मिळावे किंवा लग्न ठरताना औषध दिसू नये म्हणून गोळ्या अचानक बंद केल्याच्या घटना चिकित्सकांना अपरिचित नाहीत. त्यांचा परिणाम गंभीर होतो. कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात व औषध एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रा क्रमाक्रमाने घटवीत शक्य तितकी कमी ठेवणे हे आजचे उपचारसूत्र आहे आणि रूपाविषयीची तक्रार हे ती घटविण्याचे एक वैध कारण मानले पाहिजे.

सायक्लोफॉस्फामाइड हे औषध तीव्र वृक्कशोथात वापरतात. ते अंडकोशातील अंडपुटकांचा नाश करते. पाळी कायमची बंद पडण्याचा धोका स्त्रीचे वय व औषधाची एकूण मात्रा यांवर अवलंबून असतो. विशीतील रुग्णाला तो कमी, तर तिशीनंतर पुष्कळ अधिक असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय अभ्यासात दर पंधरवड्याला ५०० मिग्रॅ. प्रमाणे सहा वेळा, म्हणजे एकूण अवघे ३ ग्रॅम औषध देऊनही वृक्कशोथ काबूत राहिल्याचे आढळले. या अल्पमात्रेने अंडकोशांना पोहोचणारी हानी बरीच कमी असते. मोठी मात्रा अटळ असल्यास अंडकोशांचे कार्य तात्पुरते थांबविणारी अंतःक्षेपणे (इंजेक्शने) देऊन त्यांचे संरक्षण करण्याचा प्रयत्न करतात. ही चर्चा उपचार सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी, कारण नंतर तिला अर्थ उरत नाही. नैराश्यावरील काही औषधे व रक्तदाबावरील काही औषधेही इच्छा किंवा कामपूर्ती मंद करतात. त्यांना पर्याय असतात.

उपदंशाची भ्रामक चाचणी : ल्यूपस आणि लैंगिक प्रतिष्ठा यांचा एक विलक्षण संबंध प्रयोगशाळेतून आलेला आहे. उपदंश (गरमी) ओळखण्यासाठी वापरली जाणारी व्ही. डी. आर. एल. चाचणी कार्डिओलिपिन या मेदद्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. ल्यूपसच्या काही रुग्णांच्या रक्तात याच द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे उपदंशाचा लवलेश नसतानाही चाचणी होकारात्मक येते. विवाहपूर्व किंवा गर्भारपणातील नित्य तपासणीत असा निष्कर्ष हाती पडल्यावर घरात काय घडू शकते, याची कल्पना करता येईल. उपदंशाच्या जंतूविरुद्धची विशिष्ट प्रतिपिंडे शोधणारी दुसरी चाचणी नकारात्मक आली की संशयाचे निराकरण होते. अशी भ्रामक चाचणी पुढे ल्यूपस होण्याची पूर्वसूचना असू शकते, हे १९५०–६० या दशकातच लक्षात आले होते. ग्रेअम ह्यूझ यांनी लंडनमध्ये १९८३ साली याच गटातील प्रतिपिंडे, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे व वारंवार गर्भपात यांचा संबंध स्पष्ट केला. या लक्षणसमूहास फॉस्फोलिपिडविरोधी लक्षणसमूह असे नाव आहे.

ल्यूपस हा संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, चुंबनाने किंवा शरीरसंबंधाने तो पतीला होत नाही. ही गोष्ट वैद्याने पतीसमोर स्पष्ट शब्दांत सांगणे कित्येकदा एखाद्या औषधाइतके उपयोगी पडते.

संततिनियमन : ल्यूपस स्त्रियांत अधिक आढळतो, त्या अर्थी स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) या हॉर्मोनाने तो भडकत असावा, असा तर्क करून गर्भनिरोधक गोळ्या अनेक वर्षे सरसकट वर्ज्य मानल्या गेल्या. पर्यायी साधन मात्र दरवेळी सुचविले जाई असे नाही. परिणामी रोग उफाळलेला असताना व गर्भाला घातक औषधे चालू असताना गर्भधारणा होऊन स्त्रिया संकटात सापडत. २००५ साली अमेरिकेतील १८३ व मेक्सिकोतील १६२ स्त्रियांवरील दोन स्वतंत्र चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. रोग शांत किंवा स्थिर असलेल्या स्त्रियांत या गोळ्यांमुळे तो उफाळण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यांवरून दिसून आले. सरसकट बंदीचा आधार त्यामुळे गेला. पण सरसकट मुभाही मिळाली नाही. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीला स्त्रीमदजनयुक्त गोळ्यांमुळे अंतर्क्लथनाचा (रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा) धोका संभवतो व तिला त्या देऊ नयेत. तीव्र व अस्थिर रोगातही त्या टाळतात. म्हणून साधन निवडण्यापूर्वी ही प्रतिपिंडे एकदा तपासणे आवश्यक असते.

सरकारी कुटुंबकल्याण कार्यक्रमात वाटल्या जाणाऱ्या ‘माला-एन’ गोळ्यांत स्त्रीमदजन असते. २०१७ पासून या कार्यक्रमात समाविष्ट झालेले ‘अंतरा’ हे त्रैमासिक अंतःक्षेपण स्त्रीमदजनविरहित असले, तरी हाडांची घनता कमी करते. स्टेरॉइडांनी आधीच हाडे विरळ झालेल्या स्त्रीला व वर उल्लेखिलेली प्रतिपिंडे असणाऱ्या स्त्रीला ते सामान्यतः देत नाहीत. गर्भाशयात बसविण्याची तांबी ही बहुतेकींना सुरक्षित होय. तीमुळे संसर्ग वाढेल अशी पूर्वी भीती असे; प्रतिरक्षादमनकारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांनाही आता ती देण्यास हरकत मानीत नाहीत. बिंबाणू (प्लेटलेट) कमी असतील किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर तांबीने पाळीचा स्राव फार वाढतो. अशा वेळी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन हळूहळू सोडणारे गर्भाशयी साधन अधिक सोयीचे ठरते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी या सर्वच स्त्रियांना घेता येते. मायकोफेनोलेट घेत असताना गोळ्यांचा परिणाम कमी होण्याचा संभव असल्याने केवळ त्यांच्यावर विसंबू नये. अपत्ये पुरेशी झाली असल्यास पुरुष नसबंदी हा या जोडप्यांसाठी सर्वांत निर्धोक उपाय आहे. तो सुचविला मात्र क्वचितच जातो.

गर्भारपणा : रोग किमान सहा महिने शांत असताना व योग्य औषधे चालू ठेवून झालेली गर्भधारणा बहुधा सुखरूप पार पडते. मायकोफेनोलेट निदान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. मिथोट्रेक्सेट व सायक्लोफॉस्फामाइडही गर्भाला अपायकारक आहेत. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मूळचे हिवतापावरील औषध गर्भारपणातही चालू ठेवावे. ते भीतीने बंद केल्यास रोग उफाळतो. मातेच्या रक्तात ‘रो’ प्रतिपिंडे असल्यास गर्भाच्या हृदयातील विद्युत्‌संवहन अडण्याचा धोका सुमारे शेकडा दोन असतो व त्यासाठी गर्भाच्या हृदयावर लक्ष ठेवतात.

गर्भाशय ग्रीवेची तपासणी : मानवी पॅपिलोमा व्हायरसाचा संसर्ग सामान्यतः शरीर आपोआप निस्तरते. ल्यूपसच्या स्त्रियांत, विशेषतः प्रतिरक्षादमनकारी औषधे चालू असताना, तो टिकून राहण्याचे व ग्रीवेच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल होण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून त्यांची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा कमी अंतराने करतात. या व्हायरसावरील लस जिवंत जंतूंची नसल्याने या रुग्णांना देता येते. पुण्यात विकसित झालेली भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. अविवाहित मुलीला ही लस सुचविली की घरचे लोक बिचकतात. लस संबंध सुरू होण्यापूर्वीच सर्वांत परिणामकारक असते, एवढेच त्यावर उत्तर आहे.

उपचार व सल्ला : रोग आटोक्यात आणणे हा पहिला उपचार होय. कोरडेपणासाठी संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारी वंगण जेली व एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनिमार्गात लावण्याचे आर्द्रताकारक मलम उपयोगी पडते. आपल्याकडे खोबरेल तेल सर्रास वापरतात. ते त्वचेला सहसा बाधत नाही, पण रबरी निरोध तेलाने कमकुवत होऊन फाटतो, हे ठाऊक असावे. ऋतुनिवृत्तीनंतर किंवा औषधांमुळे अकाली पाळी गेल्यानंतर योनिमार्गाचे अस्तर पातळ होते. त्यासाठी स्थानिक स्त्रीमदजन मलम अल्प मात्रेत देतात. त्यातील फारच थोडा अंश रक्तात शोषला जातो. पोटातून घेण्याच्या हॉर्मोन उपचाराने सौम्य ते मध्यम उद्रेकांत थोडी वाढ होते, असे २००५ मधील एका चाचणीत आढळले. म्हणून तो निवडक रुग्णांनाच व अंतर्क्लथनाचा धोका पाहून देतात.

सांधेदुखीसाठी ऊन पाण्याची आंघोळ, वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घेणे व खुबा दुखत असल्यास कुशीवर राहण्याची स्थिती निवडणे असे साधे उपाय करता येतात. हातापायांची बोटे थंडीने पांढरी-निळी पडत असतील (रेनो विकार), तर खोली उबदार ठेवावी. थकव्याच्या रुग्णाने रात्रीची वेळच धरून बसण्याचे कारण नाही. विश्रांतीनंतरची सकाळची किंवा दुपारची वेळ चालते, जरी एकत्र कुटुंबात व लहान घरात ते बोलण्याइतके सोपे नसते. आखडलेल्या श्रोणितलाच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंसाठी भौतिकी चिकित्सकाने शिकविलेले शिथिलीकरणाचे व्यायाम गुणकारी ठरतात. नैराश्य असल्यास त्यावर स्वतंत्र उपचार करावा. संबंध शक्य नसतील त्या काळातही जवळीक ठेवता येते आणि नकार हा पतीला नसून त्या दिवसाच्या वेदनेला आहे, हे दोघांनाही उमजले म्हणजे पुष्कळसा दुरावा टळतो.

हा विषय काढण्याची जबाबदारी वैद्याची आहे. सासू किंवा पती शेजारी बसलेला असताना स्त्री उत्तर देणार नाही. तेव्हा तपासणीच्या वेळी तिला एकटीला, इतर प्रश्नांच्या ओघातच विचारावे. ‘या आजारात कोरडेपणा व वेदना पुष्कळ जणींना होतात; तुम्हांला तसा काही त्रास आहे का?’ अशा प्रश्नाला उत्तर मिळते, कारण तो एकटीचाच दोष नसल्याचे त्यातून आधीच सांगितले जाते. अविवाहित, विधवा व परित्यक्ता स्त्रियांनाही तो विचारणे गैर नाही. यूरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये व अमेरिकेतील संघटनेने २०२० मध्ये या रुग्णांच्या प्रजनन आरोग्याविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत संततिनियमन व गर्भारपणा यांवर सविस्तर शिफारशी असून शरीरसंबंधातील सुखदुःखाविषयी त्या मानाने थोडेच मार्गदर्शन आहे.